चोवीस किलो

स्टेडियमच्या पोटात, धुलाईच्या खोलीला लागून
माझं तारा ओवायचं यंत्र. खिडकी नाही.
इस्त्रियाचा समुद्र तिथून दोनशे पावलांवर;
स्पर्धेच्या आठवड्यात मला तो भेटायचा
फक्त टॉवेलांच्या वासात.

तो माझा एकोणिसावा जुलै.
रेषांवर तेव्हा अजून माणसं उभी राहायची.

रॅकेट यायची, सोबत चिठ्ठी:
उभ्या चोवीस किलो, आडव्या तेवीस.
खेळाडू आकडे लिहून मोकळे होतात.
बाकीचं मला मुठीवरून कळतं.

ओयार्सूनच्या मुठी कोऱ्या.
त्याचा राग सगळा चव्हाट्यावर,
घरी न्यायला काही उरत नसे.
आणि लेह्तोवारा, सभ्यतेचा चषक मिळालेला,
हरला तरी पंचाचा हात दोन्ही हातांत घेणारा,
त्याच्या मुठीवरची पट्टी सोडवली
तर खालच्या चामड्यात दातांचे ठसे.
ओळीने. शाळेतल्या पोराने पेन्सिल चावावी तसे.
हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

उपांत्य सामन्याच्या रात्री
आवाज आधी भिंतीतून आला.
पडद्यावर सगळं सात सेकंद उशिरा.
तेवढी सात सेकंदं ठाऊक असलेली
मी पहाटे चारला ओवलेली रॅकेट
पडद्यावर अजून धडधाकट होती.
मग ओयार्सूनने हात उचलला
आणि होऊन गेलेलं होण्याची
मी वाट बघत राहिले.

एकदा मातीवर. पुन्हा मातीवर.
मग बाकाच्या कडेवर.
लोकांनी शिट्ट्या घातल्या.
समालोचक म्हणाला, शोभत नाही.
चेंडू वेचणाऱ्या मुलीने तुकडे गोळा केले,
फुटकी बरणी उचलावी तसे, हात लांब करून.
पंचाने गुण कापला.

पुढच्याच गेममध्ये
रेषेवरचा माणूस ओरडला, बाहेर!
लेह्तोवाराचा फटका. गुण ओयार्सूनचा.
ओयार्सून खुणेपाशी गेला, वाकला,
आणि बुटाने ती पुसून टाकली.
आत होता, म्हणाला.
कुणी विचारलं नव्हतं.
टाळ्या पडल्या थोड्या; लोक अजून
मघाच्या रागातून उतरले नव्हते.

नंतर, शेवटाकडे, तसाच एक चेंडू दुसऱ्या बाजूला.
लेह्तोवारा खुणेपाशी गेला. बराच वेळ बघितलं.
तारा बोटांनी सारख्या केल्या आणि
पाठ फिरवून आपल्या जागी आला.
पंचाला खाली बोलवायचा हक्क ओयार्सूनला होता.
त्याने बोलावलं नाही. समोरच्याने पाहिलंय, एवढं पुरलं त्याला.
मला पडद्यावर वाटलं,
नखाएवढा लागला असावा रेषेला.
पण भिंतीआड बसून, सात सेकंदांनी
वाटलेल्याला कोण विचारतो.

मध्यरात्री हरलेला आला.
प्लास्टिकच्या पिशवीत ते मोडकं.
मोडक्याच इटालियनमध्ये म्हणाला,
तारांची चूक नव्हती, सिन्योरा झ्दाव्का.
माझ्या नावातला र त्याने वाटेत कुठेतरी सांडला होता.
माहीत आहे, मी म्हटलं.
सॉरी वगैरे काही नाही. खुर्चीत बसून राहिला,
मोज्यांतून लाल माती माझ्या फरशीवर.

मी कात्री घेतली.
चौकट मोडली तरी उरलेल्या तारा
ताण सोडत नाहीत, धरून बसतात.
कडेकडून कापलं तर सगळं वाकडं होतं.
मधूनच सुरुवात करावी लागते:
एक उभी, एक आडवी,
टण्, टण्.
तो प्रत्येक आवाजाला पापणी मिटत होता.
शेवटची तार कापल्यावर उठला,
पिशवीची घडी करून खिशात घातली, गेला.

टेबलावर अंतिम सामन्याची रॅकेट होती.
चिठ्ठीवर सुबक अक्षर:
कृपया एक किलो वाढवा. नवी पट्टी. आभार.

मी जुनी पट्टी सोडवली.
दिव्याकडे पाठ केली,
ठसे मोजायचा मोह होऊ नये म्हणून,
आणि नवी गुंडाळली,
नेहमीपेक्षा जरा घट्ट.